गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या झरी (पाण्याचे झरे) नॉर्वेच्या समुद्रातून परत आणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून सगळ्यांसमक्षच लिहितो.

आमच्या वाड्यावरच्या झरी मी पहिल्यांदा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या तेव्हा पडद्यावरचा गोवा कोराच राहिला. पाऊण तासानं सगळे ठिपके सापडले ते नॉर्वेच्याही वर, थंडगार समुद्रात! फोनवर तुम्ही आधी पोटभर हसलात. मग विचारलंत, "एक्सच्या रकान्यात काय घातलंस?" तिथे हवे होते रेखांश, मी घातले होते अक्षांश. आपली वाळपई साधारण १५.५ उत्तर, ७४.१ पूर्व. आकडे उलटे पडले की माणूस थेट ध्रुवाच्या वाटेला लागतो.

मग बफरची, म्हणजे ठिपक्याभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ आखायची, गंमत. मी ५० घातले मीटर समजून, पण थर, म्हणजे नकाशावरचा ठिपक्यांचा संच, अंशांत होता. एका झरीच्या वर्तुळात अख्खा भारत आणि अरबी समुद्र. तुम्ही न रागावता थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरांत मोजणाऱ्या प्रणालीत बदलून घ्यायला लावलात.

हे कुणीही शिकवलं असतं म्हणा. पण "लॅपटॉप मिट आणि आधी आजोबांना विचार" हे तुम्हीच म्हणालात. तक्त्यात 'झरीचं नाव' आणि 'मे महिन्यात पाणी' असे दोन रकाने घालायला लावलेत. मला ती उगाचची हमाली वाटली होती. पुढे उंचीचा थर खाली घातला, तर मेमध्येही वाहणाऱ्या बहुतेक झरी सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, पायथ्याला जवळपास एकाच उंचीवर! जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या शेडीवर (चिकणमातीच्या थरावर) अडतं आणि तिथेच बाहेर फुटतं. मी उत्साहानं दाखवायला गेलो, तर आजोबा म्हणाले, "हें आमकां खबर आसा रे."

ग्रामसभेत रस्ता रुंद करायचा विषय निघाला. एरवी अशा वेळी नुसता आरडाओरडा होतो. यंदा मी छापील नकाशा पुढे केला: रस्त्यापासून ५० मीटरांच्या आत तीन झरी, नावांसकट. पंचांनी नकाशा ठेवून घेतलाय. पुढचं पुढे.

दुसरी प्रत घरी भिंतीवर आहे. परवा आजोबांनी कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही राहिली." तिथवर पायवाटही उरलेली नाही. मेमध्ये कोयता घेऊन जाणार आहे. तुम्ही येणार असाल तर तोवर थांबतो.

तुमचा विद्यार्थी