डिसेंबरबद्दल

म्त्वारा, टांझानिया
१४ सप्टेंबर

प्रिय आई, बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईने "जेवलंस काय गो?" विचारलं आणि पुढचं माझ्या तोंडातून निघालंच नाही. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. आईने डोळा ताणून वाचायचं नाही, ऑपरेशनला अजून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत.

आधी बातमी, मग कारणं. मी डिसेंबरात येते आहे, नाताळ आपल्या घरी, आपल्या चर्चमध्ये. पण कायमची येत नाही. महिन्याची रजा आहे. जानेवारीच्या मध्याला मी परत इकडे येईन, आणखी तीन वर्षांसाठी. कागदावर सही ऑगस्टमध्येच केली. तुम्हाला न विचारता केली, हे मला फार लागून राहिलं आहे. विचारलं असतं तर तुम्ही 'ये' म्हणाला नसता आणि 'राहा' म्हणतानाही तुमचा आवाज कसा झाला असता ते मला माहीत आहे. तो आवाज ऐकून मला सही करता आली नसती.

स्टँडवर मी "दोनच वर्षं हां बाबा" म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही गाडीच्या पाटीकडे बघत होता. ते मी विसरलेले नाही.

इथे प्रसूतीच्या वॉर्डात रात्रपाळीला आम्ही दोघीच असतो. माझ्या हाताखाली दोन मुली शिकताहेत. एकीचा हात इतका हलका आहे की बघत राहावं, पण रक्तस्राव सुरू झाला की ती अजून गोठते. तिला असं अर्ध्यावर सोडून कशी येऊ? इथली स्वाहिली भाषाही आत्ता कुठे जिभेवर बसली. पहिलं वर्ष तर बाया कळा देताना काय सांगताहेत ते अंदाजानेच कळायचं. आणि बाबा, तुम्हीच सांगायचा ना, आजी मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करायची तेव्हा परमुलखातून आलेल्या नर्सबाईंनी तिला हात धरून शिकवलं. त्याच मिशनच्या गोहीन डॉक्टरांच्या घरी १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच मुलगा झाला, तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला, हे तुम्ही आल्यागेल्याला किती अभिमानाने सांगता. त्या नर्सबायांच्याही आया कुठेतरी दारात टपालाची वाट बघत असतीलच.

हे सगळं खरं आहे. पण तुम्हाला पटावं म्हणून एकेक कारण काढते आहे, हे लिहिता लिहिता माझं मलाच कळतं आहे. आई, जे खरं मनात आहे ते तुला सांगते.

जुलैत एका रात्री एक पहिलटकरीण आली, विशीचीसुद्धा नसेल. कळ आली की माझा हात घट्ट धरायची. दिव्याखाली तिची बोटं दिसली. टोकं काळी, नखांच्या कडेची कातडी सोललेली. मला विचारावं लागलं नाही. काजी फोडणारीचे हात होते ते. इथेही बाया घरोघरी काजी भाजून फोडतात, चिकाने बोटं तशीच जळतात. पहाटे मुलगी झाली. कांग्यात गुंडाळून तिच्या कुशीत दिली. (कांगा म्हणजे इथल्या बायांचं रंगीत कापड, काठाला एक म्हण छापलेली असते. तुझ्या जुन्या लुगड्यासारखं त्याचं सगळं होतं, नेसणं, पोर पाठीशी बांधणं, पांघरूण.) तर त्या मुलीने बाळाच्या गालावरून हात फिरवला, तो उलटा. बोटं लागू नयेत म्हणून.

आई, कारखान्यातून आल्यावर तू अशीच माझ्या गालावरून उलटा हात फिरवायचीस. राख लावायचीस, तेल लावायचीस, तरी टोकं काळीच. त्याच हातांनी माझी नर्सिंगची फी भरलीस. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन थोडी उभी राहिले आणि देवबापाचे आभार मानले. त्या रात्री माझं ठरलं. तू लांब आहेस म्हणून मी इथे थांबत नाही गं. इथे मला तू रोज दिसतेस.

आमच्या इथल्या बंदरातून कच्ची काजी पोत्यांनी भारतात जाते, सोलायला. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं झाड तिकडेही लागलं आणि इकडेही. फक्त वेळ उलटी. तुमच्याकडे मोहर धरतो तेव्हा इथला हंगाम सरत आलेला असतो. आत्ता अंगणातल्या झाडाला बोंडू पिवळे व्हायला लागलेत. आपल्या वेंगुर्ला-४ जातीच्या मानाने बी बारीक आहे बाबा, पण वास तोच.

माझ्या जेवणाची काळजी अजिबात करू नका. खोबऱ्याच्या दुधातला भात असतो. मक्याच्या पिठाची उगाली आधी घशाखाली उतरायची नाही, आता आवडते. 'म्चिचा' म्हणून भाजी देतात, ती म्हणजे आपला माठ. मी लसूण घालून परतते. शनिवारी किनाऱ्याकडून मासेवाला मोटारसायकलवर येतो. आमसुलं मिळत नाहीत, चिंच मिळते, तिच्यावर भागतं. आणि आई, इथे खोबरं खवायला अगदी आपल्या अडाळीसारखी बसायची घडवंची असते, पुढे दातेरी पातं. तिला 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे बकरी. पहिल्यांदा तिच्यावर बसून नारळ खवला तेव्हा स्वयंपाकघरातल्या बाया चकित होऊन बघत राहिल्या, हिला कुणी शिकवलं म्हणून. आमच्या आईने, म्हटलं.

खोलीला जाळ्या आहेत, मच्छरदाणी आहे, पाणी उकळून गाळून पिते. एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगते. गेल्या पावसात मला मलेरिया झाला होता. तीन दिवसांच्या गोळ्यांत उतरला. इथल्या बायकांनी आळीपाळीने पेज आणून दिली, एक दिवस एकटीला ठेवलं नाही. आता ठणठणीत आहे. हे वाचून आईने उपास धरायचा नाही.

माणसं फार मायेची आहेत. बहुतेक पेशंट मुसलमान आहेत. आम्ही सकाळी प्रार्थना करून वॉर्ड उघडतो, त्या बायाही आमच्यासाठी दुवा मागतात. कुणाला नुसती ठेच लागली तरी समोरचा 'पोले' म्हणतो, म्हणजे 'वाईट वाटलं हो'. आईचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी खिडकीशी गप्प बसले होते, तर वॉर्डातली एकेक जण येऊन 'पोले' म्हणून गेली. त्या दिवशी मी तिथे असायला हवी होते. थेंब शेजारच्या काकींनी घातले, डबा मावशीने आणला आणि मी नर्स असून फोनवर. त्याची बोच आहे आणि ती राहणार.

दादाला सांगा, इथे मला सगळे 'दादा' म्हणतात. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. पडवीतलं ते बोलणं त्याने मनात ठेवू नये, मी कधीच सोडून दिलं आहे. पण ह्या तीन वर्षांत तुमचं जास्त त्याच्यावर आणि वहिनीवर पडणार, हे मी त्याला वेगळं लिहिते आहे.

आता नीट ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणासोबतच घ्यायची, आठवण होईल तेव्हा नाही. गणपतीत शेजारून मोदक येतात, नाही म्हणवत नाही हे मला कळतं. एक घ्या, दुसरा आईच्या ताटात टाका. अंगणात अनवाणी फिरायचं नाही. चिखलातून लेप्टोचा ताप येतो आणि तुमच्या पायाला जखम झाली तर लवकर भरायची नाही. रोज रात्री पाय धुऊन तळवे उजेडात बघा. आई, चुलीपुढे फुंकणी घेऊन बसू नकोस, गॅस शोभेला घेतलेला नाही. डोळा चोळायचा नाही, वाकून कळशी उचलायची नाही. ताप आला तर 'पावसाचा आहे' म्हणून बसायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. रागावून सांगत नाही हो. जवळ असते तर हे सगळं मीच केलं असतं, म्हणून.

इथे एप्रिलपासून दक्षिणेकडचा वारा सुटतो, त्याला 'कुसी' म्हणतात. तोच पुढे विषुववृत्त ओलांडून वळतो आणि जूनमध्ये आपल्याकडे पाऊस घेऊन येतो. मे महिन्यात कपडे वाळत घालताना मी रोज म्हणायचे, जा रे बाबा, आमच्या घराची कौलं दादाने परतली की नाही ते बघून ये.

नाताळच्या नेवऱ्या मी येईपर्यंत करायच्या नाहीत. मी लाटणार, आई भरणार, बाबा कातणार, नेहमीसारखं. परत येताना आमसुलं, तिरफळं आणि कुळथाचं पीठ न्यायचं आहे, आणखी काही बांधू नका.

पत्र वाचलं की लगेच फोन करू नका. आधी दोघं बोला, रडू आलं तर येऊ दे. रविवारी माझे साडेसहा म्हणजे तुमचे नऊ वाजता मी करीन. इथे मोठ्या माणसांना 'शिकामो' म्हणतात, म्हणजे पाय धरते. शिकामो आई. शिकामो बाबा.

तुमची,
बाय

ता. क. विहिरीच्या रहाटाचा दोर कुजला होता, तो बदलला का? बाबांनी स्वतः वर चढायचं नाही. दादा रविवारी येईल तेव्हा तोच करील.