दादांच्या गोळ्यांबद्दल

अमळनेर

प्रिय सुन्या,

तुझं पत्र मिळालं. दादांनी पोरीच्या लग्नाआधी ट्रामाडॉल, ती दुखण्यावरची गोळी, एका झटक्यात बंद करायचं ठरवलंय आणि घरात सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली, हे वाचून लगेच लिहायला बसलो. फोन केला असता, पण तू मधेच "अरे पण" करतोस आणि मला हे सलग सांगायचंय. आधी त्यांना थांबव. गोळी कमी करायला माझा विरोध नाही, मी स्वतः तेच करतोय. एकदम तोडू नका, एवढंच.

माझ्या हाताचं तुला ठाऊक आहे. मोटरसायकलवरून पडलो तेव्हा खांद्यातून हातात उतरणारं नसांचं जाळं ताणलं गेलं, काही नसा तुटल्या. हात थोडाफार हलतो. पण करंगळीपासून मनगटापर्यंत जी आग आहे ती ठेच्याच्या मिरच्या वाटून हात धुवायचा राहिल्यासारखी, बाराही महिने. अधूनमधून करंट. त्याला प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध होतं, तेवढ्यानं भागेना म्हणून ट्रामाडॉल आलं आणि मुक्कामालाच राहिलं.

गेल्या मे महिन्यात आमच्या नेहमीच्या मेडिकलवर माल आला नव्हता. दुसऱ्यानं दारातूनच परत पाठवलं, चिठ्ठी जुनी आहे म्हणे, नवी आणा. त्याचं तरी काय चुकलं? २०१८ पासून ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात गेलंय, त्याला एकेका पट्टीचा हिशेब ठेवावा लागतो. डॉक्टर बाहेरगावी होते. म्हटलं, काढू चार दिवस.

सुरुवात जांभयांनी झाली. झोप नाही, कंटाळा नाही, आणि जबडा दुखेपर्यंत एकामागून एक जांभया. मग नाक-डोळे गळायला लागले. बाहेर ऊन असं की कुत्रं सावली सोडत नव्हतं, आणि माझ्या अंगावर काटा! कूलर बंद करायला लावायचा, गोधडी ओढायची, पाच मिनिटांत घामानं भिजून ती फेकायची. पोटात मुरडा, जुलाब. भरताला फोडणी बसली की ज्याचा जीव खालीवर होतो तो मी, त्या वासानं मोरीकडे पळालो. आई सारखी विचारायची, "काय व्हयनं रे भाऊ तुले?" आणि मला धड सांगता येत नव्हतं, कारण जे होत होतं ते माझ्या ओळखीचं नव्हतं.

रात्री तर विचारू नकोस. उन्हाळ्यात आम्ही सगळे घराच्या धाब्यावर झोपतो. बाकीचे गाढ आणि मी फेऱ्या मारतोय. पाय दुखत नव्हते, पण ते ठेवावेत कुठे हेच कळेना. आडवं झालं की आतून कुणी ओढतंय, उठून चाललं की जरा बरं. छातीत धडधड. डोकं वळवलं की डोक्यातही करंट. तो प्रकार ट्रामाडॉलचा खास, असं नंतर कळलं. ते अफूच्या कुळातलं काम करतंच, शिवाय उदासीवरच्या काही औषधांसारखं मेंदूतल्या सेरोटोनिन-नॉरॲड्रेनालिन या रसायनांशीही खेळतं. म्हणून सुटताना दोन्हीकडचा त्रास होतो, आणि विनाकारण भीतीही वाटते.

आता मुद्द्यावर येतो, दादांसाठी हाच महत्त्वाचा. त्या दिवसांत माझ्या हाताची आग खांद्यापर्यंत चढली, जिथे ती आजवर कधी नव्हती. सदऱ्याची बाही घासली तरी ओरडायचो. मी घरच्यांना सांगून टाकलं, नसा आणखी कामातून गेल्या, मुंबईला न्या. नसांचं काहीही झालं नव्हतं. गोळी सुटली की मूळचं दुखणंही काही दिवस फुगतं. आणि माणूस त्या फुगलेल्या दुखण्याकडे बघून ठरवतो, आपला आजार वाढला, आपल्याला याहून मोठा डोस हवा. दादांच्या कमरेच्या ऑपरेशननंतर पायात उरलेली आग अशीच भडकेल आणि तेही हेच म्हणतील बघ.

जळगावच्या डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. मेंदूच्या बुंध्याशी एक बारीकसा भाग आहे, तिथून जाग आणि धावपळ चालवणारं नॉरॲड्रेनालिन निघतं. ही गोळी त्याला दाबते. ती महिनोन् महिने घेतली की तो भाग त्या दाबाविरुद्ध जोर वाढवत नेतो. दाब अचानक गेला की सगळा जोर एकदम सुटतो, म्हणून धडधड, घाम, काटा, झोप उडणं. आतड्यांचंही तसंच. गोळीनं ती मंदावतात, दादांना बद्धकोष्ठ असेलच. गोळी गेली की तीच आतडी धावत सुटतात.

मग आपलं दुखणं कुठलं आणि गोळी सुटल्याचं कुठलं, हे ओळखायचं कसं? नसेचं दुखणं आपली हद्द सहसा सोडत नाही. माझं करंगळीच्या बाजूला, दादांचं त्या एका पायात. जांभया, गळणारं नाक, जुलाब, दोन्ही पायांची तगमग, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या, यांचा तुटलेल्या नसेशी संबंध नाही. हे बहुतेक पहिल्या दिवसभरात सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि आठवडा-दीड आठवड्यात ओसरतं. झोप आणि मनाची उदासी मात्र त्यानंतरही रेंगाळते. नसेचं दुखणं त्यानंतर जेवढं उरेल तेवढं खरं. त्याआधी त्याचा हिशेब मांडूच नका.

माझा डोस आता डॉक्टर उतरवतायत, साधारण महिन्याला दहा टक्के. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला याहून घाई सोसत नाही म्हणतात, आणि शेवटचा टप्पा सगळ्यांत हळू. एखादा महिना जड गेला तर तिथेच थांबतो. मध्यंतरी क्लोनिडीन दिलं होतं, त्यानं धडधड आणि घाम कमी झाला. पण ते रक्तदाब खाली आणतं, तेव्हा दादांनी माझं ऐकून मनानं घ्यायचं नाही. गंमत म्हणजे डोस निम्म्यावर आला तरी हाताची आग होती तेवढीच आहे. वरचा निम्मा डोस काय काम करत होता कोण जाणे. ही औषधं फार काळ घेतली की काहींच्या नसा उलट जास्त हळव्या होतात, असंही डॉक्टर म्हणाले.

आणखी काही, डोक्यात येतंय तसं. प्रीगाबालिनही त्यांनी मनानं सोडू नये, ते सुटतानाही त्रास होतो. चार-आठ दिवस बंद ठेवून सहन होईना म्हणून पूर्वीचा पूर्ण डोस एकदम घेऊ नये. शरीराची सोसण्याची ताकद तोवर उतरलेली असते आणि श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. लग्नात कुणी "एकच पेग" म्हणून हात धरला तर तू मधे पड, कारण या गोळ्यांवर दारू म्हणजे तोच धोका. जुलाब लागलेच तर ओआरएस पाजत राहा, धुळ्याच्या उन्हात पाणी कमी पडायला वेळ लागत नाही. फिट आली किंवा बोलणं भरकटलं तर थेट दवाखाना.

राहिलं लोकांचं. पेपरात मालेगाव-धुळ्याकडच्या नशेच्या कुत्ता गोळीच्या बातम्या येतात आणि आमच्या गल्लीतला एकजण माझ्याकडेही त्याच नजरेनं बघतो. ती गोळी बहुधा अल्प्राझोलामची, वेगळ्याच कुळातली, पण त्याला कोण सांगणार. दादांना हीच लाज खातेय असं मला वाटतं. व्याह्यांसमोर पट्टी खिशातून काढायची नाहीये त्यांना. त्यांना सांग, चिठ्ठीप्रमाणे घेतलेल्या औषधाला शरीर सरावतं, त्यात त्यांची काही लबाडी नाही. मधुमेहाची गोळी व्याह्यांसमोर काढतातच ना?

सध्या एवढंच करा. लग्न होईपर्यंत डोस आहे तसा राहू द्या, नवी चिठ्ठी आत्ताच घेऊन ठेवा, आणि उतरवायचं ते लग्नानंतर डॉक्टरांना विचारून. चिठ्ठीचा फोटो मला पाठव. मी पुढच्या आठवड्यात जळगावला जाणार आहे, दादांना यायचं असेल तर त्यांच्यासाठीही नंबर लावून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या