दप्तर रद्दी ठरवण्याआधी ते वाचा : पंचायतराज मंत्र्यांना खुले पत्र

माननीय ग्रामविकास व पंचायतराज मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर यांस,

महोदय,

खानापूर तालुक्यातल्या एका पंचायतीने गेल्या आठवड्यात संगणकासाठी खोली रिकामी केली. कपाटातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे, टेम्पोत भरले आणि टेम्पो रद्दीवाल्याकडे गेला. वजनाची पावती आहे. काय गेलं त्याची यादी नाही. ‘दप्तर सुरक्षित आहे’ हे आपल्या खात्याचं ठरलेलं उत्तर आता काट्यावरचं वजन दाखवून द्यावं लागेल.

जुनं दप्तर नष्ट करू नका, असं कोणी म्हणत नाही. वेळच्या वेळी करत नाहीत, म्हणूनच एक दिवस सरसकट टेम्पो भरतो. मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहाचा, ड एका वर्षाचा; रुमाल अनुक्रमे लाल, हिरवा, पिवळा, पांढरा. शिपायालाही रंगावरून कळायचं कुठला गठ्ठा हलवायचा नाही. आज सगळं एकाच सिमेंटच्या पोत्यात.

मुदत मोजायची ती फाईल बंद झाल्या तारखेपासून, उघडल्यापासून नव्हे. चूक नेमकी इथेच होते. मुदत संपली तरी लेखापरीक्षणाचा आक्षेप, कोर्टातला दावा किंवा माहिती अधिकाराचं अपील बाकी असेल, तर कागद हलत नाही. मग फाईलवार यादी, वरिष्ठाची सही, दोघांसमोर नाश, दाखला. ती यादी मात्र कायम ठेवायची. उद्या कोणी उतारा मागितला तर ‘सापडत नाही’ आणि ‘नियमाने नष्ट केला’ यातला फरक तीच सांगते. जन्म-मृत्यूची रजिस्टरं आणि ग्रामसभेची इतिवृत्तं या यादीत येताच कामा नयेत.

नाश म्हणजे विक्री नव्हे. त्या पोत्यांत रोजगार हमीच्या अर्जांना जोडलेले आधारचे झेरॉक्स, पासबुकाची पानं, अंगठे असतात. भज्यांच्या पुड्यावर कोणाचा खातेनंबर वाचायला मिळेल, हे गिऱ्हाइकाच्या नशिबावर! लांब पट्ट्या काढणारं स्वस्त यंत्र उपयोगाचं नाही, पट्ट्या जुळवता येतात. चार बाय चाळीस मिलिमीटरचे तुकडे करणारं घ्या. आधी टाचण्या आणि टॅग काढा. बांधीव रजिस्टराची शिवण कापून पानं सुटी करा, नाहीतर यंत्र पहिल्याच दिवशी अडकेल. जाळायचं तर नावच काढू नका. जाड रजिस्टर कडेने करपतं, आतलं पान जसंच्या तसं वाचता येतं. शिवाय उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांत बंदी आहे. संगणकाची डिस्क फॉरमॅट केली म्हणजे माहिती गेली, असंही नाही. ती भोकं पाडूनच द्यायची असते.

आता खरं दुखणं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या काळचे कागद मोडीत आणि बाळबोध (देवनागरी) मराठीतही आहेत. गठ्ठे निवडायला बसवलेल्या माणसाला यातलं अक्षर लागत नाही. न वाचता येणारा कागद आपल्या कचेरीत आपोआप ‘ड’ वर्गात जातो, मग त्यात कोणाच्या आजाची जन्मनोंद का असेना. तिकडे महाराष्ट्रात कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून मोडी वाचणारे शोधून आणतात. इकडे तेच कागद किलोवर. आमच्या भाषेतला अर्ज घेताना कचेरीला कष्ट पडतात, आमच्या भाषेतली रद्दी विकताना अजिबात नाही. वारसा लावायला गेलं की मात्र आम्हालाच विचारतात, जुना पुरावा कुठाय?

जिल्ह्यात पंचायती पाचशेच्या घरात. प्रत्येकीत हजार फायली धरल्या (कमीच धरतोय), तर पाच लाख होतात. त्यांचा मालक कोण? पीडीओची (पंचायत विकास अधिकाऱ्याची) बदली होते, तालुका पंचायत जिल्ह्याकडे बोट दाखवते, जिल्हा बेंगळूरकडे. आपल्या राज्याने २०१०मध्ये सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला, तो एकदा तरी पंचायतीच्या पायरीपर्यंत आणा. हिवाळी अधिवेशनाला सगळं सरकार बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात येतं, तिथून खानापूर तासाभरावर आहे.

तूर्त एवढंच करा. माल अजून रद्दीवाल्याच्या गोदामात आहे. कागद गिरणीचा ट्रक यायच्या आत पंचनाम्याला माणूस पाठवा, आणि मराठी वाचणारा पाठवा.

आपला,
एक निवृत्त दप्तर कारकून, सीमाभाग