विषय: वायसर बदलायचा होता, नळ बदलला, आणि आता तोही गळतोय

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या कॉल सेंटरला चौथा फोन करून झाला, म्हणून आता लेखी कळवत आहे.

बुकिंग नळदुरुस्तीचं होतं. नळ तीन-चार फेऱ्यांत बंद होणारा, जुन्या पद्धतीचा. असा नळ तोंडातून टपकतो तेव्हा बहुधा आतला रबरी वायसर झिजलेला असतो, फार तर सीटवर, म्हणजे वायसर जिथे दाबून बसतो त्या कडेवर, चरा पडलेला असतो. मेन कॉक बंद करायचा, मुंडी काढायची, पान्याने स्पिंडल (मुंडीखालचा फिरणारा दांडा) उघडायचा, वायसर बदलायचा, सीटवरून बोट फिरवून बघायचं. अर्ध्या तासाच्या आतलं काम. तुमच्या माणसाने स्पिंडल उघडलाच नाही. मुंडी दोनदा फिरवली आणि म्हणाला, "बॉडी गेली, नवीनच टाकावा लागेल." बॉडीला चीर असती तर पाणी बाहेरच्या अंगाने आलं असतं, तोंडातून नाही.

नवा नळ बसवताना एल्बोच्या (भिंतीतल्या वळणाच्या जोडाच्या) आट्यांत अडकलेली जुनी टेप साफ केली नाही. अर्धा इंची आट्यांवर साध्या पातळ टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे लागतात, त्याने तीन दिले, तेही उलटे. आटे आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची असते, नाहीतर नळ पिळताना ती सुटून गोळा होते. फ्लँजमागून (नळामागच्या, भिंतीलगतच्या गोल चकतीमागून) तिची पांढरी चिंधी लोंबते आहे. शेवटी नळ सरळ दिसावा म्हणून घट्ट बसलेला नळ त्याने पाव फेरा मागे फिरवला. टेफ्लॉनचा जोड मागे फिरवला की सील तुटतं, तो पुन्हा काढून नवी टेप लावावीच लागते.

आता भिंतीलगत मिनिटाला 20 थेंब पडतात. दिवसाला साधारण दीड लिटर. फ्लँजमागचं पाणी गिलाव्यात मुरतंय ते वेगळंच.

यावर तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "पाण्याची धार लागली आहे का?" नाही, थेंब पडतात. "मग ती गळती नाही, झिरप आहे. वॉरंटी गळतीला आहे." हा फरक कुठे लिहिला आहे ते विचारलं, तर पाच मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन सांगितलं, "धार लागली की पुन्हा फोन करा." म्हणजे भिंत पूर्ण भिजेपर्यंत थांबायचं? ज्या दुरुस्तीसाठी तुम्हाला बोलावलं, तीही थेंबांचीच होती. तेव्हा थेंब म्हणजे गळती होती आणि तिचे पैसे तुम्ही घेतलेत.

बिलात तपासणी, जुना नळ काढणे आणि नवा बसवणे अशा तीन मजुऱ्या लावल्या आहेत. जुना काढल्याशिवाय नवा बसतच नाही, ते एकच काम आहे. आणि नळ न उघडता केलेली ती तपासणी नव्हेच. "साहित्य" या एका ओळीत नळाची कंपनी नाही, मॉडेल नाही. आणि जुना नळ न विचारता नेला. तो उघडला असता तर वायसरच गेला होता हे तिथेच दिसलं असतं.

जोड उघडून, आटे साफ करून नीट बसवून द्या, तेही दुसऱ्या माणसाकडून. जास्तीच्या दोन मजुऱ्या परत करा. नळाचं मूळ बिल द्या. सात दिवसांत हे झालं नाही तर बिल, फोटो आणि थेंबांचा व्हिडिओ घेऊन ग्राहक न्यायालयात जाणार आहे. ओळखीचा प्लंबर सोडून तुमच्याकडे आले ते ठरलेला दर आणि कामाची हमी या दोनच गोष्टींसाठी. दोन्ही मिळाल्या नाहीत.

जुना नळही परत हवा आहे. तो माझा आहे.

बुकिंग क्रमांक, बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत.

एक ग्राहक