वंदनाहून गाडी सुटल्यावर

बाळा,

तुझी शिवनेरी ठाण्याच्या वंदना स्टँडहून सुटली आणि मी तशीच चालत तलावपाळीवर येऊन बसले. घरी जावंसं वाटेना. काल रात्रीचं माझं बोलणं मनावर घेऊ नकोस, एवढंच लिहायचं होतं. पण पहिल्याच ओळीत अडले. 'गेलास' लिहिलं, खोडलं. 'गेलीस' लिहिलं, तेही खोडलं. लहानपणी 'जेवलंस का, झोपलंस का' म्हणायचे तेव्हा हा घोळ नव्हता. तेच लिहिते, चालवून घे.

छाती वाढवायच्या गोळ्यांची ती तुझी डबी मी शोधायला गेले नव्हते. माळ्यावरून पुरणयंत्र काढताना हाताला लागली. 'शंभर टक्के नैसर्गिक', खाली मेथी, शतावरी, ज्येष्ठमध. शतावरी तर तुझ्या वेळी बाळंतपणात मीही घेतली, दूध यावं म्हणून. डबी पर्समध्ये टाकून डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुझं नाव सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, असल्या पाल्याने छाती वाढते हे कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब चढतो. खरी वाढ इस्ट्रोजेनने, म्हणजे बायकांच्या हार्मोनने. तीन ते सहा महिन्यांत सुरू होते, पुरती व्हायला दोन-तीन वर्षं जातात, दुप्पट गोळ्या गिळल्या म्हणून लवकर होत नाही. आणि एकदा झालेली वाढ औषध थांबवलं तरी पुरती जात नाही.

म्हणून काल विचारत होते, आणखी काय चालू आहे. तू म्हणालंस, शरीर माझं आहे. आहेच. पण शमामावशीच्या पायात रक्ताची गुठळी झाली तेव्हा ती फक्त पाळीच्या गोळ्या घेत होती. पोटात घ्यायच्या इस्ट्रोजेनने ती भीती वाढते, त्यावर तुझी सिगरेट. (बाल्कनीतल्या कुंडीत थोटकं मला दिसतात.) जेल किंवा पट्टी त्यामानाने बरी म्हणे. जो कोणी डॉक्टर असेल त्याला मावशीचं सांग. रक्त तपासून घे.

बघ, पुन्हा भाषण. माफ कर.

नानांची आठवण झाली. हृदयासाठी त्यांना स्पायरोनोलॅक्टोन चालू होतं, आणि छाती फुगली, बनियन लागला तरी दुखायची. आम्ही सगळे हसलो. बाबासुद्धा. तू तेव्हा कॉलेजात होतंस. तू हसलं नाहीस. सैल सदरा आणून दिलास, आणि डॉक्टरांनी गोळी बदलेपर्यंत रोज त्यांच्याजवळ बसायचंस. तीच गोळी तुमच्यातही देतात हे मला परवा कळलं. तिने पोटॅशियम वाढतं, म्हणून नानांचं रक्त महिन्याला तपासायचे. तुझं कोण तपासतं?

मला राग नव्हता, भीती वाटली. तुझ्या बढतीचे पेढे मी सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "मुलाचे का?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणखी एक पेढा ठेवला त्यांच्या हातावर. घाबरटपणाच तो. पण पेढे चांगले होते, सव्वा किलो.

बाबा बोलत नाहीत म्हणून ते विरोधात आहेत असं धरून चालू नकोस. कोर्टातली नोकरी संपली तरी सवय जात नाही. काल तू खोलीत गेल्यावर म्हणाले, "१५ एप्रिल २०१४ चा निकाल आहे, सुप्रीम कोर्टाचा. आपण कोण ते ज्याचं त्याने ठरवायचं." आणि बातम्या लावल्या.

एका पायाची पोटरी सुजली किंवा दुखली, किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघू नकोस. रात्र असली तरी जा. आणि रिपोर्ट मला पाठव, फोटो काढून. कळत नसलं तरी मी डॉक्टरीणबाईंना विचारीन. या वेळी नाव सांगून, तुला चालत असेल तर.

डबी माझ्याकडेच आहे, फेकली नाही.

— आई

ता. क. आत्ता बाबांचा फोन आला, "पोचली का?" मी म्हटलं, आत्ताशी लोणावळ्याला असेल.