दीड टनाची शिळा

महोदय,

हुकूमशहा मेला की विषय मिटला, असं समजणाऱ्यांनी स्पेनकडे पाहावं. तिथला हुकूमशहा फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला. तीन दिवसांनी त्याला माद्रिदजवळ डोंगर पोखरून केलेल्या चर्चमध्ये, १५० मीटर उंच क्रॉसखाली पुरलं. तिथेच, त्याला सत्तेवर आणणाऱ्या यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या ३३ हजारांहून अधिक मृतांचे अवशेष आहेत. त्यांतले कित्येक नातेवाइकांना न विचारता आणलेले. ताजी फुलं मात्र फ्रँकोच्याच कबरीवर!

फ्रँकोच्या राजवटीतल्या गुन्ह्यांनाही माफी देणाऱ्या १९७७च्या कायद्याने खटल्यांची वाट बंद केली. कबरीवरची दीड टनाची ग्रॅनाइटची शिळा हलली ती थेट २४ ऑक्टोबर २०१९ला, सर्वोच्च न्यायालयाने मृतदेह हलवायला मंजुरी दिल्यानंतर. कबरीवर तंबू, आत मोबाइलबंदी; पण शवपेटी घरच्यांनी खांद्यावरून बाहेर आणली, जयघोष केला आणि सरकारला टाळायचं होतं तेच दृश्य थेट प्रक्षेपणात गेलं. हेलिकॉप्टरने पेटी साध्या दफनभूमीत नेली, ते ठीकच.

खरं किचकट काम त्या चर्चच्या तळघरांत, बाकीच्या मृतांच्या अवशेषांचं आहे. ओलीने लाकडी पेट्या कुजल्या, हाडं एकमेकांत मिसळली. आता एकेकाची डीएनए चाचणी करून ओळख पटवावी लागते. ते काम २०२३मध्ये सुरू झालं, तोवर वाट पाहणारी कित्येक मुलं-भावंडं गेली होती.

– एक वाचक, ठाणे