‘अँटिगनी’तला कोरस गाळू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या महाविद्यालयांमध्ये एकांकिकांच्या तालमींना रंग चढतो. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेने ही सवय शहराला चांगलीच लावून ठेवली आहे. यंदा माझ्या परिचयातील एका विद्यार्थी गटाने प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजची ‘अँटिगनी’ आजच्या काळात आणून बसवायला घेतली आहे. राजा क्रेऑन तिथे पालकमंत्री झाला आहे आणि गावाबाहेर उघड्यावर टाकलेले भावाचे प्रेत शवागारात अडवून ठेवलेला मृतदेह झाले आहे. हे बदल मला पटले. थेबेस नगरातल्या वृद्धांचा कोरस, म्हणजे एकत्र गाणारा-बोलणारा समूह, मात्र त्यांनी साफ काढून टाकला असून त्याच्या जागी पडद्यावर बातम्या देणारी निवेदिका आणली आहे, आणि हे पत्र त्याविषयी आहे.

निवेदिका काय घडले ते सांगते, कोरस मात्र आपले मत बदलतो, आणि या नाटकाचा कणा तोच आहे. आरंभी हे वृद्ध, त्या प्रेताला कोणी मूठमाती देऊ नये या क्रेऑनच्या आज्ञेपुढे मान तुकवतात. ती आज्ञा मोडून भावाला मूठमाती देणाऱ्या अँटिगनीला पकडून आणले तरी ते तिच्या बाजूने उभे राहत नाहीत. गाव आतून तिच्यासाठी हळहळते आहे, हे क्रेऑनला त्याचा स्वतःचा मुलगा हायमॉन सांगतो. वृद्धांच्या तोंडून ते येत नाही. अंध द्रष्टा टायरेसियस भविष्य सांगून निघून गेल्यावर कुठे त्यांना कंठ फुटतो. आधी गुहेत जिवंत कोंडलेल्या मुलीला सोडव, मग मृताचे थडगे बांध, असे ते राजाला सांगतात. क्रेऑन ऐकतो, पण जाऊन आधी प्रेताचे संस्कार उरकतो आणि गुहेपाशी पोचतो तेव्हा ती गळफास घेऊन मेलेली असते. उशिरा शहाणे होणारे हे गावकरी वगळले, तर उरतो तो एक दुष्ट मंत्री आणि एक शूर मुलगी यांचा सामना, आणि तसला सामना आपण दूरचित्रवाणीवर रोज पाहतो.

एका तासात हे सारे बसत नाही, असे दिग्दर्शक विद्यार्थ्याचे म्हणणे आहे. मूळ नाटक सुमारे साडेतेराशे ओळींचे आहे, तेव्हा कात्री लागणारच. पण ती कोरसच्या लांब पदांना लावावी. माणसे रंगमंचावर राहू द्यावीत. गप्प उभ्या असलेल्या पंधरा जणांना एका मिनिटाचाही वेळ लागत नाही.

पंधरा हा आकडा मी सहज घेतलेला नाही. सोफोक्लीजच्या कोरसमध्ये तेवढीच माणसे असत. ही नाटके जिथे होत तो अथेन्समधला डायोनिसस देवाचा उत्सव हीदेखील स्पर्धाच होती, आणि कोरसमध्ये उभे राहणारे व्यावसायिक नट नसून शहरातले सामान्य नागरिक असत, त्यांची तालीम करून घेतली जाई. आज आपल्याकडे एवढी माणसे रंगमंचावर उभी करणे व्यावसायिक नाटकाला सहसा परवडत नाही. प्रत्येकाची नाइट (दर प्रयोगाचे मानधन), बसमधली जागा, दौऱ्यातली राहण्याची सोय यांचा हिशेब घालता घालता निर्माता पाच-सहा पात्रांवर येतो. महाविद्यालयाच्या गटाला ही अडचण नाही. उलट सगळ्यांना काम कुठून द्यायचे, हीच तिथली कटकट असते. (संधी न मिळालेली मुले शेवटी प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगातले सामान, सांभाळत विंगेत बसतात.)

यासाठी ग्रीसकडेच पाहायला हवे असेही नाही. १९७२ मध्ये याच पुण्यात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधली ब्राह्मणांची रांग गाता-नाचता भिंत होत होती, पडदा होत होती, आणि घाशीरामाला मोठे होऊ देणारे व शेवटी त्याच्या रक्ताची मागणी करणारे शहरही तीच होती. नेपथ्याचे बरेचसे काम त्या रांगेने केले. मराठी रंगभूमीवर कोरस कसा वापरावा, याचा इतका चांगला वस्तुपाठ घरात असताना विद्यार्थ्यांनी वृत्तवाहिनीची नक्कल करावी, हे मला अनाकलनीय वाटते.

प्राथमिक फेरीला अजून अवकाश आहे. गटाने विंगेतली मुले बाहेर काढून त्यांना शवागाराच्या दारात जमलेले गावकरी म्हणून उभे करावे आणि टायरेसियस जाईपर्यंत त्यांच्यापैकी कोणालाही पालकमंत्र्याविरुद्ध एक शब्द बोलू देऊ नये. प्रोजेक्टरचे भाडेही वाचेल.

आपला,
एक जुना स्पर्धक, पुणे